सहा लाल चिंध्या

डॉक्टरीणबाईंची गाडी तिसऱ्यांदा परत आली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. माझं मौन नऊला सुटतं, म्हणून मला निदान "या, बसा" तरी म्हणता आलं. त्या बसल्या नाहीत. किल्ली तळहातावर ठेवून आमच्या वर्कशॉपच्या शटरच्या आत दोन पावलं उभ्या राहिल्या.

"थरथरतेय अजून," त्या म्हणाल्या. "सिग्नलला थांबले की आरशात मागच्या एका गाडीच्या दोन होतात. आणि पाय उचलला की पुढून ठप्प असा आवाज. माझ्याकडे लोक यायचे ना, दाढ हलतेय म्हणत, त्यांचं दुःख मला आत्ता कळायला लागलंय. जीभ सारखी तिकडेच जाते."

डॉक्टरीणबाई दातांच्या. दवाखाना बंद करून सहा वर्षं झाली, पण समोरच्याच्या तोंडाकडे बघायची सवय गेलेली नाही. त्यांच्याशी बोलताना माणूस आपोआप ओठ मिटून घेतो. सत्तरी ओलांडलेली ही बाई जमिनीला टेकलेली, दोन दारांची, गडद हिरवी स्पोर्ट्स कार चालवते. तीस वर्षं हीच गाडी. आत शिरताना एक हात छपरावर, आधी पाठ, मग दोन्ही पाय एकदम उचलून आत. उतरताना तेच उलट. मी कितीदा पाहिलंय, आणि दर वेळी मनात येतं, म्हातारपण द्यायचंच असेल तर देवा, असं दे, एका हाताच्या आधारावर भागणारं.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणतो, दुसऱ्या एका गाडीखालून सरकत बाहेर आले. हात पुसले. हिरव्या गाडीचं इंजिन चालू करायला लावून त्यांनी बॉनेटवर पंजा ठेवला आणि डोळे मिटले. डॉक्टर नाडी बघतात तसा त्यांचा चेहरा होतो अशा वेळी. चौऱ्याहत्तर वर्षांचा हात, पण गाडीवर ठेवला की थरथरत नाही. त्या दिवशी मात्र गाडीच त्याला थरथरवत होती.

"तिसरी खेप," ते म्हणाले. "उद्या सकाळी नवे माउंट टाकतो, बाई. ह्या वेळी हलली तर मी पाना खाली ठेवीन."

"अहो मिस्त्री, माझी गाडी हलतेय, तुम्ही कशाला हलताय?"

"बोललो," मामंजी म्हणाले आणि पुन्हा त्या दुसऱ्या गाडीखाली गेले.

आमच्या घरात "बोललो" हा शब्द हलका नाही. वन्सं, म्हणजे माझ्या नणंदबाई, जन्मल्या त्या दिवशी मामंजींनी अर्धी ओढलेली सिगारेट विझवली आणि म्हणाले, "बोललो." त्यानंतर आजतागायत नाही. मी स्वतः रोज पहाटेपासून नऊपर्यंत मौन पाळते, एक अध्याय वाचते आणि कळत असताना खोटं बोलत नाही. ह्याला एकोणीस वर्षं झाली. मामंजी देवापुढे बोल्ट आवळायला लागतो त्याहून जास्त वेळ कधी उभे राहिले नाहीत, आणि "सूनबाईंचं ऑफिस नऊला उघडतं" अशी माझी थट्टाही करतात. पण एकोणीस वर्षांत नऊच्या आधी त्यांनी मला उत्तर द्यावं लागेल असा प्रश्न एकदाही विचारलेला नाही. दिलेला शब्द म्हणजे काय, हे आम्हा दोघांना एकमेकांचं कळतं. म्हणून मला भीती वाटली. पाना खाली ठेवल्यावर ते सकाळी उठून काय करतील, हे मला डोळ्यांपुढे आणता येईना.

आता माउंट म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही लग्न होऊन इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. इंजिन गाडीच्या सांगाड्याला थेट जोडत नाहीत. मधे रबराचा एक जाड ठोकळा असतो, त्याला वर-खाली लोखंडाची पट्टी चिकटवलेली. इंजिन धडधडणार, सांगाडा ताठ राहणार, आणि दोघांच्या मधे बसून त्या रबराने सगळं सोसायचं, एकाचं दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वन्सं शेजारी गिअरबॉक्स उघडून बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे सूनच की."

डॉक्टरीणबाईंच्या गाडीला असे तीन माउंट. इंजिनाच्या उजवीकडे एक, डावीकडे एक आणि मागे गिअरबॉक्सखाली एक. तीस वर्षांचे मूळचे माउंट तेल पिऊन फुगले होते, चिरले होते. अडीच महिन्यांपूर्वी मामंजींनी स्वतः बदलले. ही गाडी ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत, मुलीलाही नाही. काम झालं की ते मला शेजारच्या सीटवर बसवतात आणि इंजिन चालू करतात. मी खोटं बोलत नाही, एवढ्या एका पात्रतेवर मला हे काम मिळालंय. सकाळची वेळ असली तर माझी पोथी माझ्या हातात असते, मी बसल्या बसल्या वाचत राहते. त्या पहिल्या वेळी अक्षरं जराशी पुसट वाटली होती. मी दोष चष्म्याला दिला. सहा आठवड्यांत रबर फाटलं. दुसऱ्यांदा नवे टाकले तेव्हा दोन ओळी वाचून तिसरी सापडेना. नऊ वाजल्यावर मी सांगितलं, "थोडं हलतंय, मामंजी." ते म्हणाले, "रबर कोरं आहे, मुरेल." मुरलं नाही.

सुटे भाग मागवायचं काम माझं. त्यामुळे त्या दिवशी दुपारभर मी पेटीवरचे आकडे आणि पुस्तकातले आकडे बोट ठेवून ताडून पाहत होते. मनात म्हणत होते, चूक माझीच निघू दे. चुकीचा माल मागवला म्हणून ओरडा खाणं परवडलं. पण आकडे बरोबर होते. तिन्ही वेळा बरोबर होते.

संध्याकाळी मामंजी इंजिनाला वरून आडव्या दांडीच्या साखळीने टांगून, जुने माउंट काढून जेवायला गेले. गाडीचं बॉनेट उघडं, इंजिन हवेत, सगळं थांबलेलं. मी शटर ओढायला गेले तर वन्सं कामाच्या टेबलापाशी उभ्या.

वन्सं माझ्याहून सहा वर्षांनी लहान. अंगाने काडी, केस मानेपर्यंत, आणि बोटं बघाल तर एखाद्या सुताराची. लग्नाचं विचारणाऱ्यांना "आधी हे इंजिन उतरवू दे" असं सांगत सांगत चाळिशी आली. ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, पान्याची भाषा कधी उमगली नाही. ते शाळेत नकाशे शिकवतात. मामंजींचा हात उतरला तो लेकीत. पण वन्संकडे आणखी एक गोष्ट आहे जी मामंजींकडेही नाही. त्या तुटलेल्या वस्तूकडे रागाने बघत नाहीत. तिला काहीतरी सांगायचंय, अशा नजरेने बघतात.

मामंजी काहीही फेकत नाहीत. त्यांच्या पत्र्याच्या डब्यातून वन्संनी मागच्या खेपेला उतरवलेले माउंट काढले होते, त्यांच्या शेजारी आज काढलेले ठेवले होते. दोन उजवे, दोन डावे; मागच्यांना काही झालं नव्हतं.

"वहिनी, इकडे या. ह्यात काय दिसतं?"

"काळं रबर."

"अजून बघा."

मी चष्मा पुसला. उजवे दोन्ही धड होते. डाव्या दोघांना चीर होती. आणि ती चीर एकाच कोपऱ्यातून निघून एकाच तिरप्या दिशेने गेली होती, जणू एकाच माणसाची सही दोनदा.

"माल वाईट असता तर एक इथे फाटला असता, दुसरा तिथे," वन्सं म्हणाल्या. "मुळात उजवेही फाटले असते." त्यांनी एक डावा शेगड्यात, म्हणजे वस्तू पकडायच्या त्या लोखंडी जबड्यात, धरला आणि वरची पट्टी हाताने किंचित पिळली. चीर मिटली. हात सोडला, चीर उघडली. "बघितलंत? हा बसवतानाच पिळलेला होता. आयुष्यभर मान वाकडी करून उभा राहिला बिचारा."

"पण पिळेल कसा?"

वन्संनी भिंतीकडे बोट केलं. तिथे पिवळ्या रंगाची छोटी डबी आणि ब्रश असतो.

त्या डबीची गोष्ट आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी ऐकावी लागते. हात लावला तो बोल्ट संपवायचा. अर्धा आवळून दुसऱ्याकडे जायचं नाही, चहाला उठायचं नाही, हाक आली तरी वळायचं नाही. पूर्ण आवळायचा, वर पिवळा ठिपका द्यायचा, मगच पुढचा. मामंजी तिशीत असताना त्यांनी एका गाडीच्या चाकाचे बोल्ट नुसते हाताने लावून ठेवले होते. कुणीतरी हाक मारली. परत आले, चाक लागलेलं दिसलं, गाडी देऊन टाकली. समोरच्या उतारावर चाक सुटलं. आत एक बाई आणि तिचं तान्हं मूल. देवाची कृपा, कुणाला ओरखडाही आला नाही. पण गोष्ट सांगताना मामंजींचं शेवटचं वाक्य कधी बदलत नाही. "चाक माझ्यासमोरून एकटं गेलं."

"बाबा आधी उजवा माउंट लावतात," वन्सं म्हणाल्या. "खालून वरून पूर्ण आवळतात, ठिपका देतात. मग डाव्याकडे येतात. तोवर इंजिन एका बाजूला जखडलेलं असतं, डावीकडची भोकं जुळत नाहीत. मग पहार घालून रेटतात, जुळवतात, आवळतात. साध्या गाड्यांना रबर मऊ असतं, लठ्ठ असतं, ते सहन करतं. ह्या गाडीचं रबर आखूड आणि कडक. तिला वळणावर इंजिन झोपू द्यायचं नसतं ना. ते नाही सहन करत. खरं म्हणजे सगळे बोल्ट सैल ठेवून इंजिन खाली सोडायचं असतं. त्याला त्याच्या वजनानं बसू द्यायचं. बसलं की मग आवळायचं."

"मग सांगा ना तसं."

"काय सांगू? ज्या नियमानं चाळीस वर्षं कुणाचं चाक निघालं नाही, तो नियम मोडा म्हणून? आणि आजच, पाना खाली ठेवायची भाषा करून बसलेत तेव्हा?"

"मग त्यांच्या नकळत..."

"तुम्ही असं म्हणताय?" वन्सं हसल्या. "उद्या त्यांनी विचारलं, 'सूनबाई, कुणी बोल्ट सैल केले होते का,' तर काय सांगाल?"

मी खरं तेच सांगितलं असतं.

वन्संनी खुंटीवरचं लाल फडकं काढलं, ज्याने आम्ही लांब सामान नेताना गाडीच्या मागे खूण बांधतो ते. त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही झोपा जा, वहिनी. मला सुचतंय काहीतरी, अजून पुरतं सुचलेलं नाही."

सकाळी सातला डॉक्टरीणबाई रिक्षाने आल्या. स्वतःहून. "ऑपरेशन नातेवाइकांनी बाहेर बसून बघायचं असतं," असं म्हणत त्यांनी माझ्या टेबलापाशी स्टूल ओढलं आणि मला विचारलं, "झोप झाली का?" मी मान हलवली. "चहा घेतला?" मी मान हलवली. "अहो, तोंड तरी उघडा, बघू दे मला कुठली दाढ आहे." मग त्यांच्या लक्षात आलं. "अरेच्चा, मौन. माझ्या सगळ्या पेशंटना हे लावलं असतं तर किती काम झालं असतं."

मामंजी आले. धुतलेला शर्ट. नवा उजवा माउंट हातात घेतला, अंगठ्याने रबर दाबून पाहिलं, जागेवर ठेवला. पाना उचलला.

आणि वन्सं अगदी सहज, हातातला जॅक गिअरबॉक्सखाली सरकवत म्हणाल्या, "डॉक्टर, एक विचारू? तुम्ही तीन-चार दातांचा ब्रिज बसवायच्या तेव्हा एका टोकाला आधी पक्का चिकटवायचा का?"

"छे. सगळा एकदम ठेवायचा. पेशंटला म्हणायचं, चावा. परत चावा. त्याचा तो बसला पाहिजे. एक टोक आधी पक्कं केलं तर दुसरं उचलणार, आणि मग महिनाभर ते माणूस माझ्या नावानं..." डॉक्टरीणबाई थांबल्या. त्यांना काहीतरी जाणवलं, कारण मामंजींचा पाना हवेतच होता.

त्यांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग डॉक्टरीणबाईंकडे.

"लेकी बोले सुने लागे, एवढं ऐकून होतो," मामंजी सावकाश म्हणाले. "लेक बोले बापा लागे, हे आज बघतोय. आणि साक्षीला थेट दातांचे डॉक्टर. सगळं घर मिळून माझी अक्कलदाढ काढायला बसलंय वाटतं."

डॉक्टरीणबाईंनी पदर तोंडाशी नेला. वन्सं हसल्या नाहीत. त्या टेबलाकडे गेल्या, चार जुने माउंट ट्रेमध्ये घालून आणले आणि मामंजींच्या पुढ्यात धरले. मला त्यांचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते ह्याचं. बोलणं हातात असताना त्यांनी रबराला बोलू दिलं.

मामंजींनी एक डावा उचलला. मग दुसरा. दोन्ही शेजारी शेजारी धरले. चिरेवरून नख फिरवलं. नंतर, मला वाटतं कुणी न सांगता, त्यांनी पट्टी धरून एक माउंट पिळला आणि चीर मिटताना पाहिली. सोडला, पिळला, सोडला.

"कधीपासून माहितेय तुला?"

"कालपासून, बाबा."

"आणि मी कधीपासून असे लावतोय?"

त्यांनी दोन्ही माउंट ट्रेमध्ये परत ठेवले.

"बोल्ट सैल ठेवून इंजिन सोडायचं," ते म्हणाले. "सहा बोल्ट. सहाही सैल. माझ्या वर्कशॉपमध्ये." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "धाकटे, रबर फाटलं तर गाडी थरथरते. बोल्ट राहिला तर काय होतं, तुला मी सांगायला नको."

"नको," वन्सं म्हणाल्या आणि खिशातून लाल चिंध्या काढल्या. वीतभर लांबीच्या, फाडून सारख्या केलेल्या. "ह्या सहा आहेत. जो बोल्ट सैल ठेवीन त्याला ही बांधायची. आवळला, ठिपका दिला, की सोडून तुमच्या हातात द्यायची. सहा चिंध्या तुमच्या हातात आल्याशिवाय गाडीला चाक टेकवायचं नाही. हात लावला तो बोल्ट संपवायचा, हे मोडत नाहीये मी. संपेपर्यंत तो डोळ्यांपुढे राहील एवढंच."

मामंजींनी चिंध्या घेतल्या. एक एक मोजली, जणू दुकानातून आणलेला माल. मग परत दिल्या.

"सूनबाईंचं फडकं फाडलंस की."

मी मान हलवली. फडकं माझं नव्हतं, वर्कशॉपचं होतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती आणि सोयही नव्हती.

त्यानंतर जे काम मी पाहिलं ते मला माझ्या अध्यायाइतकं पाठ आहे. वन्सं खाली, मामंजी वर. तिन्ही माउंट जागेवर आले, सहाही बोल्ट हाताने दोन-दोन आटे फिरले, आणि प्रत्येकाच्या मानेला लाल चिंधी. टांगलेल्या इंजिनाखाली त्या हलत होत्या. मामंजी वरच्या दांडीचा स्क्रू फिरवून साखळी सोडू लागले. पाव फेरा, थांबायचे. पाव फेरा, थांबायचे. साखळी सैल पडली तेव्हा इंजिन रबरावर आलं आणि उभं राहिलं.

"हलवा, बाबा."

मामंजींनी दोन्ही तळवे इंजिनावर ठेवले आणि झोळीतल्या मुलाला द्यावा तसा एक झोका दिला. इंजिन डावीकडे सरकलं. फार नाही, बोटाच्या पेराएवढं. पण सरकलं, आणि मग थांबलं, आणि त्या थांबण्यात काहीतरी निराळं होतं. दिवसभर उभं राहिलेलं माणूस खुर्चीत टेकतं, मग जरा मागे सरकून खरोखर बसतं, तसं.

मामंजी त्या पेरभर जागेकडे बघत राहिले. पहारीने ते दर वेळी इंजिन बरोबर तेवढंच उलट्या दिशेने रेटत आले होते.

"एवढंच हवं होतं होय तिला," ते म्हणाले.

वन्संनी इंजिन मिनिटभर चालू केलं, बंद केलं. आणि पाना वडिलांपुढे धरला. "आता तुम्ही. माझा हात नाही एवढा सरळ."

हे खोटं होतं. त्यांचा हात सरळच आहे. पण वन्संनी कुठलंही व्रत घेतलेलं नाही आणि मला ते खोटं फार आवडलं.

मामंजी गाडीखाली गेले. पाना ठरल्या ताकदीला टक असा वाजतो. टक, ठिपका, चिंधी. वन्सं दुसऱ्या बाजूने तेच करत होत्या, आणि चिंध्या मामंजींच्या वरच्या खिशात जात होत्या. डॉक्टरीणबाई स्टूल पुढे पुढे सरकवत आता जवळजवळ गाडीत आल्या होत्या. "झालं," वन्सं म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता की त्या क्षणी मला त्या दहा वर्षांच्या वाटल्या. त्यांनी खालचा जॅक काढायला हात घातला.

"थांब," मामंजी म्हणाले.

त्यांनी खिशातून चिंध्या काढून बॉनेटच्या कडेवर एका ओळीत मांडल्या. पाच.

वन्संनी आपले खिसे पाहिले. मी टेबलाखाली पाहिलं. डॉक्टरीणबाई उठून स्वतःच्या स्टुलाखाली पाहू लागल्या. मामंजींनी कुठेही पाहिलं नाही. त्यांनी हातबॅटरी घेतली, चौऱ्याहत्तर वर्षांचे गुडघे वाकवले आणि गाडीखाली मागपर्यंत सरकले. बराच वेळ नुसते त्यांचे बूट दिसत होते.

"आहे इथे," आतून आवाज आला. "गिअरबॉक्सचा, पलीकडचा. चिंधीसकट."

इंजिन बसलं त्या आनंदात एक बोल्ट वन्संच्या हातून राहून गेला होता. आयुष्यात पहिल्यांदा.

"बाबा, मी..."

"गप. पाना दे."

टक. मग ते बाहेर आले, कपाळाला पिवळा रंग लागलेला, सहावी चिंधी बोटाला गुंडाळलेली. रागावले असतील असं मला वाटलं होतं. पण चेहऱ्यावर वेगळंच होतं काही. खूप वर्षांनी कुणी ओळखीचं भेटावं तसं.

"हाच तो," ते म्हणाले. "चाळीस वर्षं ह्याच्यावर नजर ठेवून आहे मी. आज सापडला." मग लेकीच्या डोक्यावर तेलकट हात ठेवला. "तुझं बरोबर होतं. बसू द्यायचं, मग आवळायचं. आणि माझंही चूक नव्हतं."

"तुमचं चूक आहे असं कुणी म्हटलं?" वन्सं नाक ओढत म्हणाल्या. "मी तर दातांचं विचारत होते."

डॉक्टरीणबाई हसायला लागल्या त्या थांबेचनात.

गाडी खाली आली. मामंजींनी माझ्यासाठी शेजारचं दार उघडलं, रोजच्यासारखं. मी पोथी घेऊन त्या खोल सीटमध्ये बसले. डॉक्टरीणबाईंच्या रीतीने, आधी पाठ, मग पाय. वन्संनी किल्ली फिरवली. मामंजी माझ्या खिडकीशी उभे राहिले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधले होते, आणि पाना त्यात होता. ते माझ्याकडे बघत होते.

मला तेव्हा त्यांच्याकडे बघवलं नाही. मी पुस्तकात बघितलं. त्यांचा शब्द आणि माझे डोळे ह्यांच्यामध्ये आता फक्त ती अक्षरं होती. मनात म्हटलं, देवा, जे असेल तेच दिसू दे.

इंजिन चालू होतं हे कानांना कळत होतं, खोलवर, जाड घोंगडीखाली कुणीतरी घोरत असावं तसं. पहिली ओळ. दुसरी ओळ. तिसरी ओळ जागच्या जागी होती. काना, मात्रा, अनुस्वारसुद्धा. मी वाचत गेले. वन्संनी आवाज चढवला, उतरवला, पाय झटकन उचलला. ठप्प झालं नाही. पानाच्या तळाशी आले तेव्हा मी पान उलटलं, आणि पुढे वाचू लागले. आपण परीक्षा घ्यायला बसलोय हे मी कधी विसरले ते माझं मलाच कळलं नाही.

इंजिन बंद झालं तेव्हा मान वर केली. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. मामंजी तिथेच उभे होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "कुठवर आलात?"

"अध्याय झाला, मामंजी," मी म्हणाले. दिवसातला माझा पहिला शब्द.

डॉक्टरीणबाईंनी छपरावर एक हात ठेवला, आत बसल्या, आरशात पाहिलं. "एकच," असं मागच्या उभ्या गाडीकडे बघून म्हणाल्या आणि हिरवी गाडी उतारावरून खाली घेऊन गेल्या. मामंजी ती वळणापर्यंत जाताना बघत राहिले. चारही चाकं तिच्याबरोबर गेली.

मग त्यांनी पाना पुसला. मी श्वास धरून बघत होते, टेबलावर ठेवतात की काय. तो त्यांनी विजारीच्या खिशात खोचला, पिवळ्या डबीशेजारी एक खिळा ठोकला आणि सहा चिंध्या त्याला अडकवल्या.

"धाकटे, त्या पांढऱ्या गाडीचे माउंट मीच लावलेत गेल्या वर्षी," ते म्हणाले. "फोन करून बोलाव तिला. सैल करून परत बसवू."

"ती थरथरतेय असं कुठे म्हणाले ते लोक?"

"ते नाही म्हणाले," मामंजी म्हणाले. "तिला विचारू."